हातचा

स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून बाबा बेरीज करत.
लोकरीच्या गिरणीत एकतीस वर्षं हिशेबनीस.
गिरणी बंद पडली, पुटपुटणं नाही:
सात नि आठ पंधरा, पंधराचे पाच,
हातचा एक.

डॉक्टर रिफ्फो म्हणाल्या, नवं औषध आहे,
सरकारी यादीत अजून नाही.
दर एकवीस दिवसांनी एक कुपी.
किंमत त्या बोलल्या नाहीत, चिठ्ठीवर लिहिली
आणि चिठ्ठी आमच्याकडे सरकवली,
आकडा मोठ्यानं उच्चारला तर कुणाला लागेल जणू.
सरासरी अकरा आठवडे जास्त मिळतात.
बाबा हसले, हसताना खोकले.
सरासरी मला ठाऊक आहे, डॉक्टर.
गिरणीचा सरासरी पगार दरसाल मीच काढायचो.
तो कुणालाच मिळत नसे.

मग उबेर्लिंदाबाईंनी गल्ली हलवली.
जूनची थंडी, कामगार संघाचा हॉल, शनिवारी बिंगो.
बक्षिसांत एक गॅसची टाकी, दोन कोंबड्या, एक घोंगडी.
पावात सॉसेज, वर अव्होकाडोचा लगदा, टोमॅटो;
टोमॅटो चिरून चिरून बायकांची बोटं चरचरली.
आकडे पुकारायला बाबाच हवे होते सगळ्यांना.
गळपट्ट्यातून, अर्ध्या श्वासात:
बावीस, दोन बदकं!
लोक राजम्याचे दाणे चौकोनांवर ठेवत होते
आणि वर बघत नव्हते.

पैसे दोन कुप्यांपुरते जमले.
मोजले बाबांनीच. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या.

पहिली कुपी शिरेतून गेली
आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या तळहातांची साल निघाली,
उकडलेल्या बटाट्यासारखी.
पेन्सिल धरवेना. तोंडात नाण्याची चव.
दिचातोला जायचं होतं त्यांना, बसनं वीस मिनिटं,
समुद्राकडे तोंड करून वाडगाभर शिंपल्यांचं कालवण.
तिकीट किती ते त्यांना पाठ होतं.
त्या एकवीस दिवसांत आम्ही न्हाणीघरापर्यंत गेलो
आणि परत आलो.
न्हाणीघरापर्यंत गेलो
आणि परत आलो.

एका रात्री मी म्हटलं, दुसरी नको घेऊ या.
ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.
दोनशे दहा पाव, म्हणाले.
कोंबडी जिंकली त्या पोरानं ती परत देऊ केली होती, पाहिलंस ना?
आता कुठल्या तोंडानं नको म्हणू?

मला राग आला होता. टोमॅटोंचा. पावांचा.
उबेर्लिंदाबाईंच्या त्या देवमाणूसपणाचा.
चांगुलपणाची उधारी फेडायला
माणसाला अंग काढून द्यावं लागतं,
हे मी कुणाजवळ बोलणार होते?

दुसऱ्या कुपीची तारीख सोमवारची होती.
बाबा रविवारी पहाटे गेले.
हिशेबात कधी असे चुकले नव्हते.

कुपी फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी.
दुकानदार परत घेत नाही.
दफनाला आलेल्यांना दूध काढून देताना
प्रत्येक वेळी मला ती दिसायची.
घराच्या किमतीच्या दारातून
फ्रिजचा दिवा लागायचा, विझायचा.

कोरोनेलला नोल्फा सानुएसा नावाची बाई आहे,
तिलाही हीच लिहून दिली आहे, असं नर्सनं सांगितलं.
मासळीवाल्याकडून बर्फाचा डबा मागून घेतला,
मांडीवर धरून बसमध्ये बसले.
खिडकीतून समुद्र अख्खा दिसत होता, फुकट.

दार तिच्या मुलीनं उघडलं. माझ्याच वयाची.
मागे टेबलावर कापलेले तिकिटांचे गठ्ठे,
कात्री, रबरबँड.
तिनं डबा दोन्ही हातांनी घेतला, मग विचारलं,
तुमच्या वडिलांना उपयोग झाला?

सात नि आठ पंधरा.
तिच्या नखांत टोमॅटोचं बी अडकलं होतं.

मी म्हणाले,
डबा तेवढा रिकामा करून द्या,
मासळीवाल्याचा आहे.